पळपुट्या महाराजांचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. शिसवीचा, वीतभर लांब आणि चांगला जाडजूड. माझ्या अंगावर एक घोडा आहे, घोड्यावर महाराज आहेत आणि महाराजांच्या हातात उपसलेली तलवार आहे. हे सगळं कोरलंय मात्र उलटं, आरशात दिसावं तसं. आम्हा ठशांची रीतच तशी. आमचा उजवा हात तो तुमचा डावा. आम्ही उलटे असतो म्हणून तर कागदावर सगळं सरळ उमटतं.

लोकांनी मला हसून हसून डोळे पुसत पाहिलंय आणि हात जोडून, डोळे मिटूनही पाहिलंय. खरं सांगू? मला पहिलंच जास्त आवडतं. पण दुसऱ्यातही एक सुख असतं, ते मला या दसऱ्यापर्यंत कळलं नव्हतं.

मी मूळचा कणकुंबीच्या रानातला. तिथलं शिसवीचं एक झाड वादळात पडलं. त्याचे ओंडके रवळू नावाच्या माणसाने बैलगाडीत घालून निपाणीला आणले. रवळू खानापूर तालुक्यातला शेतकरी. भाताची सुगी आटोपली की तो गाडी जुंपायचा. जाताना लाकूड न्यायचा आणि येताना तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाली पोती, भरून आणायचा. निपाणीत त्याचा एक दोस्त होता, सत्याप्पा. हा सत्याप्पा ठसे कोरायचा. बिडीच्या पुड्यावर वाघाचं, पोपटाचं, मोराचं लेबल असतं ना, त्याचे ठसे. त्याचा वाघ इतका रुबाबदार असायचा की बिडी फुंकणाऱ्या किरकोळ माणसालाही आपण शिकारी आहोत असं वाटायचं. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात तो बिडीचं एक इवलंसं पान कोरायचा. ती त्याची सही होती.

सत्याप्पाची वस्ती गावाबाहेर होती. गावातल्या पुष्कळ घरांत त्याला उंबऱ्याच्या आत यायची मुभा नव्हती. रवळू मात्र त्याच्या दारात बसून त्याच्याच कपातून चहा प्यायचा. ही गोष्ट रवळूच्या गावी कळू द्यायची नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

मीही वाघ नाहीतर मोरच झालो असतो. पण तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि निपाणीपासून जवळच तोरणगाव नावाचं एक संस्थान होतं. संस्थान कसलं, घोडा जरा जोरात पळाला की शेजाऱ्याच्या मुलखात जायचा! महाराजांच्या मिशा तेवढ्या मोठ्या मुलखाच्या होत्या. इंग्रजांना युद्धासाठी माणसं हवी होती आणि महाराजांना छातीवर लावायला पदकं हवी होती. मग काय, महाराज जत्रेत, बाजारात, जिथे चार माणसं दिसतील तिथे भाषणं देत फिरू लागले. आपल्या मुलखातली पोरं संपली तसे ते खानापूरकडे वळले. मांडवात उभं राहून, तलवार उपसून ते गरजायचे, "पोरांनो, पुढं व्हा! मी तुमच्या पाठीशी उभा आहे!"

पोरं खरंच पुढे झाली. त्यांत रवळूचा धाकटा भाऊ भावकूही होता. भावकूला फेटा कधी धड बांधता आला नाही. हसताना तो मान अशी मागे टाकायचा की फेटा सुटून पडायचा. तसाच हसत, फेटा काखेत मारून तो भरतीला गेला.

पुढे एकदा सरकारचंच एक विमान वाट चुकून तोरणगावावरून गेलं. महाराजांना वाटलं, जपानी आले. ते मुदपाकखान्यात घुसले, तिथला तांब्याचा हंडा त्यांनी डोक्यावर उपडा घातला आणि अंगणातल्या घोड्यावर उडी मारली. घाईत त्यांचं तोंड झालं शेपटीकडे. घोडा बिचारा शहाणा. त्याने महाराजांना तसंच संस्थानाच्या बाहेर नेऊन पोचवलं. विमान केव्हाच निघून गेलं होतं. महाराज मात्र संध्याकाळी परतले, हंडा डोक्यात रुतलेला, तो काढायला तांबट बोलवावा लागला.

ही हकिकत बाजारातून ऐकून रवळू सत्याप्पाच्या दारात येऊन बसला. सत्याप्पा हसला, पण रवळू हसेना.

"ह्या माणसाच्या शब्दावर आमचा भावकू गेला रं," तो म्हणाला. "आणि ह्यो हंडा घालून पळतोय! काय करू सांग. माझा हात तर त्याच्यापतूर पोचत न्हाय."

सत्याप्पाने कोपऱ्यातून शिसवीचा एक तुकडा उचलला. तो मी होतो. माझ्यावर अंगठा फिरवत तो म्हणाला, "तुमचा न्हाय पोचत, रवळूआण्णा. माझा पोचतोय की."

मित्रांनो, असा माझा जन्म झाला. सत्याप्पाने समोर आरसा ठेवला आणि स्वतःच घाबरल्याचं सोंग करू लागला. डोळे वटारायचा, गाल फुगवायचा आणि लगेच पटाशी घेऊन माझ्यावर तेच कोरायचा. महाराजांच्या चेहऱ्यावरची भीती खरी म्हणजे सत्याप्पाची आहे, तीही खोटी खोटी! त्याने हंडा कोरला, शेपटीकडे केलेलं तोंड कोरलं. छातीवर पदकांच्या जागी टपोऱ्या जिलब्या लावल्या. वर आभाळात विमान पाहिजे होतं, तिथे एक घार काढली, म्हणजे महाराज घारीला भिऊन पळाले! खाली उलट्या अक्षरांत लिहिलं, 'तोरणगावचे महाराज लढाईवर निघाले! वाट सोडा!' आणि शेवटी कोपऱ्यात बिडीचं पान.

पहिल्यांदा अंगावरून शाई फिरली ती गारगार लागली. मग कागद आला, वरून दाब आला, मला क्षणभर काही दिसेना. कागद सोलून निघाला आणि समोर रवळूचं तोंड दिसलं. आधी त्याच्या मिशा थरथरल्या, मग खांदे हलले, आणि मग तो भिंतीला टेकून असा हसला, असा हसला की गाडीचे बैल कान टवकारून बघू लागले. भावकू गेल्यापासून तो हसलाच नव्हता, हे सत्याप्पाला माहीत होतं. त्याने दुसरा कागद लावला.

ते दिवस काय सांगू तुम्हाला! रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, साखर तर दिसतच नव्हती. पण महाराज मात्र फुकट मिळत होते. तंबाखूच्या वखारीत बायका मला पाहून आधी हसायच्या, मग तंबाखू नाकात जाऊन शिंकायच्या आणि शिंकून झालं की पुन्हा हसायच्या. चहाच्या हॉटेलात मी, न्हाव्याच्या आरशाशेजारी मी, बैलबाजारात मी. कुणीतरी धीट माणसाने मला महाराजांच्याच पागेच्या दारावर चिकटवलं. भाषणाला महाराज उभे राहिले की मागून एखादा हळूच म्हणायचा, "वाट सोडा!" आणि सगळ्या मांडवात हशा फुटायचा. हळूहळू त्यांची भाषणं थांबली. त्यानंतर किती पोरं घरी राहिली असतील, ते मी कसं सांगणार? पण राहिली असतील थोडीतरी.

महाराजांची माणसं मला शोधत आली ती भर दुपारी. रवळूची गाडी तंबाखू भरून दारात उभीच होती. सत्याप्पाने मला फडक्यात गुंडाळून एका बोदात खुपसलं आणि म्हणाला, "आण्णा, महाराजांना जरा तुमच्या गावाकडची हवा दाखवून आणा. इकडं गार झालं की मी येतो न्यायला."

त्यांनी सत्याप्पाला धरून नेलं, त्याचं घर विसकटलं. पण ठसाच सापडेना, तेव्हा सोडावं लागलं. हे मला फार पुढे कळलं. मी तेव्हा तंबाखूत नाकापर्यंत बुडून, बैलांच्या घुंगरांच्या तालावर खानापूरकडे चाललो होतो. खऱ्या महाराजांसारखाच पळत होतो म्हणा ना.

घरी पोचल्यावर रवळूने मला बायकोच्या हाती दिलं. तिचं नाव मालुबाई. "जपून ठेव, कुणाला दावू नगंस," एवढंच तो म्हणाला. तिने मला कोनाड्यात, डब्यामागे ठेवलं. पुढच्याच पावसाळ्यात रवळू तापाने गेला. बाकीचं सांगायचं राहूनच गेलं. सत्याप्पाकडे खानापूर तालुका एवढाच पत्ता होता, गावाचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं, आणि त्या दिवशीच्या घाईत ते सुचलंही नाही.

युद्ध संपलं. भावकू आला नाही. कुठल्यातरी परमुलखात तो पडला, इतकंच कळलं.

आता या भागातली एक रीत सांगतो. घरातला माणूस लढाईत पडला तर तो त्या घराचा वीर होतो. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात आणि दसऱ्याला त्याला निवद दाखवतात. मालुबाईजवळ टाक करायला काही नव्हतं. पण तिला डब्यामागची वस्तू आठवली. तिने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि खिडकीपाशी नेलं. घोडा होता, तलवार होती. "जपून ठेव" असं नवरा सांगून गेला होता. तिचे डोळे भरून आले. "भावजी," ती मला म्हणाली, "तुमी तर कवाच घरी आलाय की!" आणि तिने माझ्या कपाळावर, म्हणजे महाराजांच्या हंड्यावर, कुंकू लावलं.

मी ओरडून सांगितलं असतं. पण आम्ही ठसे दाबल्याशिवाय बोलत नाही.

असा मी, तोरणगावचा पळपुटा, वीरदेव होऊन बसलो. ज्या हातांनी मला घडवलं त्यांना या घराच्या ओसरीवरसुद्धा कुणी येऊ दिलं नसतं, आणि मी मात्र थेट देव्हाऱ्यात! याचं मला हसू येई आणि वाईटही वाटे.

लोक दर्शनाला येत, आणि एकेकाचा अर्थ ऐकण्यासारखा असे. वीराचं तोंड शेपटीकडे का? तर तो पळता पळता मागे वळून शत्रूवर वार करतोय. हंडा म्हणजे शिरस्त्राण. घार म्हणजे गरुड, साक्षात विष्णूने पाठवलेला. जिलब्यांना मात्र सगळे मोहरांची माळ म्हणत. खालची अक्षरं पाहून मराठी शाळेतले मास्तर म्हणाले, ही मोडी. कन्नड शाळेतले मास्तर म्हणाले, छे छे, हे हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी. दोघांनी दोनदा चहा घेतला, आवाज चढवले, पुन्हा चहा घेतला. वाचता दोघांनाही आलं नाही आणि तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

मालुबाईनंतर तिची सून जयाबाई माझं सगळं बघू लागली. फार मायेची बाई. दर दसऱ्याला ती मला रिठ्याच्या पाण्याने धुवायची, काथ्याने एकेक खाच मोकळी करायची. मग तेलात शेंदूर कालवून तळहाताने असा हलका फिरवायची की वरच्या रेघा तेवढ्या लाल व्हाव्यात आणि खाचांत थेंब उतरू नये. ठशाला शाई लावायची तीच तर पद्धत! तिला कुणी शिकवलं नव्हतं. दरवर्षी तो तळहात फिरला की मला वाटायचं, आता कागद येईल, आता दाब येईल. यायची ती उदबत्ती.

बरीच वर्षं गेली. घराचं कौल गेलं, स्लॅब आला. जयाबाईचा नवरा नागोजी वारला. नातू युवराज शिकून बेळगावात नोकरीला लागला, गाडी घेतली. यंदा दसऱ्याच्या आधी तो घरी आला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "आज्जी, सगळ्यांच्या घरचं देव चांदीचं झालं. आपला वीर तेवढा लाकडाचा राहिलाय. चांदीचा पत्रा मारून घेऊ या."

"मार की रं बाळा," जयाबाई म्हणाली. "सासूबाईंची लई इच्छा होती. माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे."

पत्रा मारायचा म्हणजे काय, ठाऊक आहे? पातळ चांदी अंगावर ठेवून हातोडीने ठोकत बसवायची. सत्याप्पाच्या केसासारख्या बारीक रेघा तिथेच चेचल्या जाणार. मग चारी बाजूंनी खिळे. बाहेरून मी लखलखलो असतो आणि आतून कायमचा मुका झालो असतो.

निघायच्या दिवशी सकाळी जयाबाईने मला नेहमीपेक्षा जास्त प्रेमाने तेल-शेंदूर लावला. देव पहिल्यांदाच घराबाहेर निघाला होता. कोऱ्या पांढऱ्या कापडात मला घट्ट गुंडाळलं, दोरी आवळली आणि युवराजने मला गाडीच्या मागच्या सीटवर पालथं ठेवलं. वर आज्जीने बेळगावच्या पाहुण्यांसाठी घरच्या तांदळाचं पोतं चढवलं. गाडी निघाली. खानापूरपर्यंतचा तो रस्ता! एका खड्ड्यात पोतं माझ्यावर आदळलं. दुसऱ्यात पुन्हा आदळलं. आणि माझ्या लक्षात आलं, अरे, ही दाबणी तर ओळखीची आहे! समोर कोरं कापड, अंगावर रंग, वरून वजन. त्या दिवशी मी एकेका खड्ड्याचं स्वागत केलं. रस्ते नीट करा म्हणणाऱ्या मंडळींची मी माफी मागतो.

बेळगावात शामू सोनाराचं दुकान होतं. शामूने हातोडी आणि बारीक खिळे आधीच काढून ठेवले होते. एक खिळा त्याने ओठात धरला, माझी दोरी सोडली आणि कापड एका टोकाला धरून हळूच ओढलं. सोलून निघताना त्याचा तो बारीक चर्र असा आवाज आला. निपाणी सोडल्यापासून मी तो ऐकला नव्हता.

शामूने कापड उजेडात धरलं. त्याच्या ओठातला खिळा खाली पडला.

"युवराज," तो म्हणाला, "हितं कायतरी लिवलंय बघ. तो-र-ण-गाव-चे म-हा-राज... ल-ढाई-वर निघाले... वाट सोडा!" तो थांबला. त्याने हंड्याकडे पाहिलं, शेपटीकडे पाहिलं, जिलब्यांकडे पाहिलं. "आरं, ह्यो तुमचा वीर उलटा बसून कुठं निघालाय?"

आणि तो हसला. हातोडी बाजूला ठेवून, पोट धरून हसला. दुकानात पाटल्या बघायला आलेल्या दोन बायका उठून आल्या, त्याही हसल्या. एकीने फोन काढून फोटो घेतला. त्या हसण्याचा आवाज माझ्या रेघारेघांत भरला. मी पुन्हा ठसा झालो होतो! एकट्या युवराजचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"शामूअण्णा," तो हळू आवाजात म्हणाला, "पत्रा ऱ्हाऊ द्या."

घरी जयाबाईंनी ते कापड मांडीवर पसरून पाहिलं. युवराजने अक्षरं वाचून दाखवली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"म्हंजे आमच्या सासूबाईंनी," त्या सावकाश म्हणाल्या, "जन्मभर एका पळपुट्याला निवद दाखवला? आणि त्यांच्यामागनं मीबी? आणि धाकटे मामंजी उपाशीच?"

भावकू हा त्यांचा चुलत सासरा. म्हणून त्या त्याला धाकटे मामंजी म्हणत. त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण ज्याच्या नावाने इतकी वर्षं दिवा लावला तो त्यांना घरातलाच झाला होता. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली. तोवर फोटो फोनाफोनांतून गावभर फिरला होता. शेजारपाजारचे येऊन सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं, बंबात घाला. कुणी म्हणालं, देव म्हणून पुजलेलं जाळू नये, मलप्रभेत सोडून द्या. जयाबाईंनी मला देव्हाऱ्यातून उचललं आणि फळीवर, पालथं ठेवलं. सकाळी नदीवर न्यायचं ठरलं.

सकाळी युवराज मला पिशवीत घालत होता, तोच दारात एक स्कूटर थांबली. चाळिशीची एक बाई उतरली. ती समता. बेळगावच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवते. तिच्या हातात फोन होता आणि फोनवर मी होतो. धावत आल्यासारखी ती आली आणि उंबऱ्यापाशी मात्र थबकली.

"आज्जी, फोटो बघून शामू सोनारांकडून पत्ता घेतला. तो ठसा आहे ना अजून? कोपऱ्यात बिडीचं पान आहे बघा. मी निपाणीच्या सत्याप्पांची नात. आम्ही तिथल्या बौद्ध वस्तीतले."

"कोण सत्याप्पा, मला म्हाईत न्हाय," जयाबाई म्हणाल्या. "पर उंबऱ्याभाईर का हुबी? आत ये गं. च्या घेतल्याबिगर काय बोलायचं न्हाय."

समता आत आली. देव्हाऱ्याच्या समोर, घरच्यांच्या पाटाला पाट लावून बसली. मित्रांनो, त्या एका पावलासाठी मी किती वर्षं वाट पाहिली होती, ते माझं मलाच माहीत.

चहा पिता पिता तिने तिच्या आजोबांनी सांगितलेली सगळी गोष्ट सांगितली. रवळूची गाडी, मांडवातलं भाषण, हंडा, तांबट, तंबाखूचं बोद. "आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझे महाराज रवळूआण्णाच्या गाडीतनं पळाले ते सापडलेच नाहीत. खानापुरात येऊन त्यांनी विचारलं होतं दोनतीनदा. पण रवळू नावाचे गाडीवान इथे गावोगाव!"

जयाबाई ऐकत होत्या. "म्हंजे आमच्या सासऱ्यांनी सांगितलं म्हणून कोरलं?"

"हो. भावकूसाठीच. ज्याने त्यांना धाडलं त्याची सगळ्या मुलखात फजिती व्हावी म्हणून."

जयाबाईंनी युवराजच्या हातातून पिशवी घेतली, मला बाहेर काढलं आणि प्रथमच देव म्हणून नव्हे, तर चित्र म्हणून नीट निरखून पाहिलं. त्यांचं बोट छातीवरच्या माळेवर थांबलं.

"ह्या जिलब्या हायत व्हय गं?"

"जिलब्याच, आज्जी."

"तरीच! मला लगीन होऊन आल्यापासनं वाटायलंय, मोहरांना असली वेटोळी कशी असत्यात!" आणि जयाबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग समताच्या खांद्यावर हात मारून. युवराजही हसला. चहा सांडला. पिशवी कोपऱ्यात गेली ती गेलीच.

"आज्जी, मग निवदाचं काय?" युवराजने भीत भीत विचारलं.

"काय म्हंजे?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी हात जोडल्याले त्या भावकूमामंजींना. पुढ्यात कोण बसलाता त्याचं आमाला काय? निवद ज्याचा त्याला पोचलाय." मग त्यांनी सांडलेला चहा पुसायला घेतला. "पर आता ठाऊक झालंय, तर ह्या पळपुट्याफुडं मी काय दिवा लावायची न्हाय. आणि मामंजींचा एक फोटोबी न्हाय घरात."

समताने मला हातात घेतलं आणि उलटं केलं. माझी पाठ सत्याप्पाने गुळगुळीत करून कोरीच ठेवली होती. तिच्यावर तिने अंगठा फिरवला, अगदी आजोबांसारखा.

"कसे दिसायचे ते?" तिने विचारलं.

जयाबाईंनी सासूकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. कानात भिकबाळी. मान मागे टाकून हसणं. सुटलेला फेटा. समता चार दिवस येत राहिली. देव्हाऱ्यासमोर बसून ती कोरायची आणि जयाबाई शेजारी बसून हुकूम सोडायच्या, "अजून हसू दे. दात दिसू देत. घोडा नको गं, मामंजी चालतच गेलते." शेवटी समताने कोपऱ्यात बिडीचं पान कोरलं, पहिल्या पानाच्या बरोबर पाठीमागे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली कुऱ्हाड, विळा, नांगर आणि युवराजची गाडी यांच्याबरोबर समताच्या पटाशीचीही पूजा झाली. मग तिने शाईचा डबा उघडला, आणि जयाबाई म्हणाल्या, "तू सर बाजूला. हे काम मला येतंय." त्यांच्या तळहाताने महाराजांना शाई लागली, एकही खाच न भरता. पोरांची रांग लागली. ज्याला त्याला आपल्या वहीवर पळपुटे महाराज हवे होते. मराठी शाळेतली पोरं होती, कन्नड शाळेतली होती. हसायला कुणालाच मास्तर लागले नाहीत. समता पुरणाचे कडबू खाऊन आणि डबा भरून घेऊन गेली. पुढच्या दसऱ्याला यायचं तिला नुसतं निमंत्रण नाही, हुकूमच आहे.

तर मित्रांनो, माझं एवढंच सांगणं. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला चांदीने मढवण्याआधी किंवा नदीत सोडण्याआधी एकदा विचारा, ती कुणी केली आणि कुणासाठी केली. तिला स्वच्छ धुवा, कोरडं ठेवा, खिळे मारू नका. आणि ती हसवणारी असेल तर तिला हसवू द्या.

मी आता पुन्हा माझ्या जागी आहे. शेंदूर भावकूच्या बाजूला लागतो. दिवा त्याच्यासमोर जळतो आणि मान मागे टाकून तो सगळ्या घराकडे बघून हसत असतो. महाराज मागच्या बाजूला आहेत, भिंतीकडे तोंड करून. मांडवात तलवार उपसून त्यांनी जो शब्द दिला होता, तो अखेर आज्जींनी त्यांना पाळायला लावला. भावकू पुढे आहे, आणि महाराज त्याच्या पाठीशी उभे आहेत.